माघारखिंडीचं तिसरं तोंड

सोमवार, ५ मे

ऑफिसातलं भांडण ऑफिसातच ठेवून घरी यावं, असं मी पस्तीस वर्षं सगळ्यांना शिकवत आले. आज मलाच ते जमलं नाही. म्हणून वाटेत ही वही विकत घेतली आणि भाजीच्या पिशवीतून घरी आणली.

झालं असं. आमच्या नकाशा ऑफिसात सतरा नंबरची शीट साठ वर्षांनी नव्याने छापायची आहे. सगळा डोंगरी मुलूख. नव्या साहेबांनी सकाळी बोलावून एक कागद पुढे सरकवला. अकरा नावं बदलायची. 'उपाशी माळ' काढून 'समृद्धी पठार', 'रडती सोंड' काढून 'आनंदसोंड', आणि 'माघारखिंड' काढून 'यशखिंड'. कारण काय, तर जुनी नावं अभद्र आहेत, ती वाचून पाहुणे तिकडे फिरकत नाहीत. ही नावं एका समितीने ठरवली. समितीतला एकही माणूस डोंगरावर गेलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

शीट छापायला जायच्या आधी नावं तपासल्याची सही लागते. ती सही माझी. ऑफिसात मला पाठीमागे 'खोडरबर' म्हणतात ते उगाच नाही.

मी म्हटलं, "ही नावं कोण वापरतं, साहेब?"

"मॅडम, नावाने काय होतं? डोंगर जिथे आहे तिथेच राहणार."

"मग बदलता कशाला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, पण चष्मा मात्र म्हाताऱ्यासारखा पुसतात. म्हणाले, "तीस जूनला तुम्ही निवृत्त होताय. शेवटच्या दोन महिन्यांत कशाला वाद?" मी म्हटलं, वादाला दोन महिने लागत नाहीत. आणि सही न करता उठले.

घरी आल्यावर सगळी भाजी एका दमात चिरून टाकली. भीतीने नाही, रागाने. निदान मी तरी तसंच समजते आहे.

बुधवार, ७ मे

आज सुट्टी. आप्पांच्या अंघोळीवरून पुन्हा महाभारत.

आप्पा अठ्ठ्याऐंशीचे. मोजणीच्या पथकात चाळीस वर्षं साखळी ओढली, आता घरातही त्यांची मोजणी चालूच आहे. आमचं घर केवढं, तर दोन खोल्या, मध्ये एक बोळ आणि मागे स्वयंपाकघर. त्या बोळाला ते 'रांगती' म्हणतात आणि तिथून वाकून जातात. मलाही वाकायला लावतात. 'रांगती' म्हणजे सतरा नंबरच्या शीटवरची एक अरुंद धार. बाहेरच्या खोलीत घासभरही खात नाहीत, कारण तो 'उपाशी माळ'. न्हाणीच्या आधीचा उंबरा म्हणजे 'माघार'. खिडकीतून आलेलं ऊन सरकत त्या उंबऱ्याशी पोचलं की आप्पा तिथून मागे फिरतात. मग कितीही समजवा, न्हाणीत जायचं नाव नाही. म्हणजे अंघोळ बाराच्या आत झाली तर झाली, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

डॉक्टर म्हणतात, असंच होतं, जुन्या कामाच्या आठवणी वर येतात आणि आजचं पुसलं जातं. खरं असेल. पण आज मी घामाघूम होऊन म्हटलं, "आप्पा, ही न्हाणी आहे, डोंगर नाही." तर माझ्याकडे बघून म्हणाले, "न्हाणी आहे हे मला कळतं, पोरी. पण ऊन आलंय ना."

अंग पुसून दिलं.

गुरुवार, ८ मे

साहेबांनी डाव टाकला. सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमना नियम प्रिय आहेत. मग जुन्या नावांची तीन तोंडं दाखवा. असतील तर नावं राहतील."

'तीन तोंडं' हा आमच्या ऑफिसचा सर्वांत जुना नियम. नावनोंदवहीच्या पहिल्याच पानावर छापलेला आहे. नाव विचारणाऱ्याने स्वतः उच्चारू नये. बोट दाखवावे आणि गप्प बसावे. त्या जागेखाली राहणाऱ्या तिघांना वेगवेगळे विचारावे. तिघांच्या तोंडून तेच नाव आले तरच लिहावे. मोजणीच्या माणसाचे तोंड धरू नये. आणि लिहिलेले नाव बदलायचे असेल तर त्याच जागी जाऊन पुन्हा तीन तोंडं विचारावीत.

मी छाती पुढे काढून तळघरात गेले आणि साठ वर्षांपूर्वीची वही काढली. पथकं कोरड्या तीन महिन्यांतच वर जायची आणि बर्फ पडायच्या आत खाली उतरायची, म्हणून सगळ्या तारखा त्या तिमाहीतल्या. अकराच्या अकरा नावं सापडली. प्रत्येकाखाली दोन तोंडं खालच्या गावांतली, तिसरं वरच्या वस्तीचं. तीन-तीन अंगठे. मला इतका आनंद झाला की जिने चढताना दम लागला हेही कळलं नाही.

उद्या वही साहेबांच्या टेबलावर आपटणार आहे.

शुक्रवार, ९ मे

आपटली नाही.

नोंदीला जोडायला म्हणून अंगठ्यांवर भिंग धरलं. अकराही नावांचा तिसरा अंगठा एकाच माणसाचा आहे, आणि त्यावर डावीकडून खाली उतरणारी एक पांढरी तिरकी रेघ आहे. जुन्या कापल्याची खूण.

त्या अंगठ्याचं नख मी दर रविवारी काढते.

समोर 'राहणार' म्हणून लिहिलंय, वरची वस्ती. आप्पा तर इथलेच, ह्याच शहरातले. म्हणजे थंडी पडली असेल, पाय दुखले असतील, कुणाला वर चढायचं नसेल. मग पथकाचा साहेब म्हणाला असेल, 'अरे, तूच दे अंगठा', आणि आप्पांनी दिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सोमवार, १२ मे

तीन दिवस वही कपाटात. कुणाला सांगितलं नाही.

आज खरं लिहायचं तर लपवावंसं वाटतं. तो अंगठा कुणाचा हे जगात मला एकटीला ठाऊक आहे. नावं वाचतील आणि आप्पांचं नाव खराब होणार नाही. पण मग मी समितीपेक्षा वेगळी कशी? त्यांनी बिनतोंडाची नावं लिहिली, मीही बिनतोंडाचीच राखणार.

आप्पांना विचारून बघितलं. अंगठा धरून म्हटलं, "हे कसं झालं होतं हो?" लहानपणापासून ऐकत आलेय, साखळीच्या कडीत सापडला म्हणून. आज म्हणाले, "बर्फात रांगतीवर दोरी बांधतात. लहानांच्या कमरेला. दोरी कापायला विळा लागतो." मग हसले. "खिंड बर्फात बोलत नाही. उन्हाळ्यातच बडबडते."

कुठे काय ऐकलेलं असतं आणि कुठे येऊन बसतं. त्यांना दूध दिलं. ते घ्यायला बाहेरच्या खोलीतून उठून आत आले.

शुक्रवार, १६ मे

सांगून टाकलं. नोंद लिहून साहेबांना दिली. तिसरं तोंड अवैध आहे, तो अंगठा पथकातल्या साखळीवाल्याचा आहे, आणि तो साखळीवाला माझा बाप आहे. हात दाखवून अवलक्षण. पण हात माझा आहे, कुणी ओढून दाखवला नाही.

साहेबांचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला. जुनी नावंही बेकायदाच."

"मिटला कसा? तुमच्या नावांना एकही तोंड नाही, जुन्या नावांना दोन तरी आहेत. नियमच लावायचा तर दोन्ही पुसा. कोरी शीट छापा. फिरायला आलेल्या पाहुण्यांना सांगा, डोंगर आहे, नाव विचारू नका."

आरेखक पाठमोरा बसला होता, त्याचे खांदे हलताना दिसले. साहेब म्हणाले, शीट दहा जूनला छपाईला जाणार. तोवर तिसरं तोंड आणता आलं तर आणा. ऑफिसची गाडी मिळणार नाही.

मी रजेचा अर्ज तिथेच लिहिला. पेन त्यांचंच वापरलं.

रविवार, २५ मे

धाकटा भाऊ आणि भावजय येऊन राहिले आहेत. मी वर जाईन तेव्हा आप्पांजवळ ते थांबतील. धाकट्याने आल्या आल्या सुरुवात केली. "ताई, सत्तावन्न वर्षांची झालीस. तुझा गुडघा जिन्यावर कुरकुरतो आणि तू खिंड चढणार?"

"गुडघा कुरकुरतो, मी नाही."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," तो म्हणाला. मग आत गेला. जाताना चौकटीला तळवा टेकवून उंबरा ओलांडला. मीही तसंच करते. ही आमच्या घरची खोड, आप्पांकडून लागलेली. शाळेत वर्गात शिरतानाही आम्ही दोघं तसं करायचो आणि पोरं चिडवायची.

भावजयीचं मात्र आप्पांशी मेतकूट जमलंय. ती वाद घालतच नाही. बोळात गुडघ्यावर बसून सरकते आणि विचारते, "आप्पा, पुढे काय लागतं?" ते एकेक सांगत जातात. ती मला म्हणाली, "ताई, हे बरळणं वाटत नाही हो. एकही नाव मागेपुढे होत नाही." मी म्हटलं, चाळीस वर्षांची नोकरी आहे, होणार कशी?

मंगळवार, ३ जून

वरच्या वस्तीत. एका घराच्या पडवीत बसून लिहितेय. पाय माझे राहिलेले नाहीत.

बस रस्ता संपतो तिथे सोडते. पुढे आठवड्यातून एकदा टपालवाला चढतो. त्याच्याबरोबर निघाले. पहाटे पाचला निघायचं म्हणाला, मी सहा म्हटलं, तर म्हणाला, "मग एकट्या या." निघाले पाचला.

धारेवर खरंच रांगावं लागतं. दोन्ही बाजूंना काही नाही. मी सत्तावन्न वर्षांची सरकारी नोकर, चारी हातापायांवर, आणि पुढे टपालाची पिशवी. कुणी पाहिलं असतं तर ऑफिसात महिनाभर पुरलं असतं. माळावर मी डबा उघडला तर टपालवाला म्हणाला, "इथे खाऊ नका. पाणी नाही. खाल्लं की तहान लागते आणि मग पाय चालत नाहीत." डबा बंद केला.

खिंडीत दहाला पोचलो. तो वर बघत भराभर चालत होता. "दुपार झाली की उन्हाने वरचं गोठलेलं सुटतं. दगड येतात. बाराच्या आत ओलांडायची, नाही जमलं तर माघार घ्यायची. मागच्या साली दोन पाहुणे थांबले फोटो काढत. एक सापडला."

मला उंबऱ्यावरचं ऊन आठवलं. पण मी लगेच दुसरा विचार केला, कारण पायाखाली बघायचं होतं.

'यशखिंड' असं छापलं तर लोक दुपारी दोनला इथे उभे राहून हात वर करून फोटो काढतील. हे मी त्या समितीला वरून ओरडून सांगावं असं वाटलं.

बुधवार, ४ जून

तिसरं तोंड मिळालं. आणि काय काय मिळालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

वस्तीत नऊ घरं. सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे टपालवाल्याने नेलं. दारात बसून लोकर पिंजत होत्या. समोर सगळा मुलूख उघडा पडलेला. मी वही उघडली आणि नियमाप्रमाणे बोट दाखवून गप्प बसले.

"रडती सोंड," त्या म्हणाल्या. "पाणी झिरपतं तिच्यातून, निसरडी."

पुन्हा बोट. "उपाशी माळ." पुन्हा बोट. असं करत दहा नावं. दहाही बरोबर. मी अंगठे घेत गेले. अकरावा 'म्हातारीचा कडा'. त्यावर बोट ठेवलं तर त्या हसायला लागल्या. "त्याला कुठलं नाव? त्याच्यावर कुणी चढत नाही, उतरत नाही. नाव कशाला वाया घालवायचं?"

म्हणजे ते नाव फक्त खालच्या गावांचं. काट मारली. नियम तो नियम.

तेवढ्यात घरातून त्यांची पणती आली, असेल दोन वर्षांची. बोळातून येताना खाली वाकली आणि म्हणाली, "रांगती." उंबऱ्याशी थांबली, आकाशाकडे बघितलं आणि मग ओलांडलं. मी बघतच राहिले. म्हातारीने सहज सांगितलं, "आमच्याकडे पोरांना आधी घरात शिकवतात. बोळ रांगती, बाहेरची खोली उपाशी माळ, उंबरा माघार. पायाला घरात सवय लागली की मग डोंगरात सोडायचं. ती सवय मरेपर्यंत जात नाही."

पाणी प्यायला आत जाते म्हणून उठले. आणि आत जाताना चौकटीला तळवा टेकवला.

"थांब," त्या म्हणाल्या. "कुणाची तू?"

"मावशी, मी खालून, नकाशाच्या ऑफिसातून..."

"ते झालं. हात कुणी शिकवला?"

मी आप्पांविषयी सांगितलं. अंगठ्यावरच्या खुणेचंही सांगितलं. त्यांनी लोकर बाजूला ठेवली. "विळ्याने कापला होता. मीच चिंधी बांधली होती. मावशी नको म्हणू. आत्या म्हण. माझा चुलतभाऊ तो."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. मोजणीवाले वरच्या लोकांना ओझ्याला घ्यायचे, साखळीला खालचीच माणसं घ्यायचे. आप्पा खाली गेले आणि खालचा आहे म्हणून सांगून साखळीला लागले. एकदाच पथकाबरोबर वर आले. वस्तीने दारं लावून घेतली होती, कारण जमीन मोजली की घेतात असं ऐकलं होतं. कुणी तोंड उघडलं नाही. "ह्याच दारासमोरून साखळी ओढत गेला. मी फटीतून बघत होते. ओळख दाखवली नाही, दाखवली असती तर साखळी गेली असती. जाताना चौकटीला हात लावला, तेवढंच."

वस्ती गप्प म्हणून तिसरं तोंड नव्हतं. मग आप्पांनी अंगठा दिला, 'राहणार वरची वस्ती'. सगळ्या पथकाला वाटलं, बिचारा काम सोपं व्हावं म्हणून खोटं बोलतोय. आयुष्यात एकदाच त्यांनी खरा पत्ता सांगितला, आणि तो खोटा म्हणून चालून गेला.

मी त्यांना लबाड ठरवलं. साहेबांना लिहूनही दिलं. आत्याच्या पडवीत बसून खूप रडले. आत्याने रडू दिलं, मग म्हणाली, "त्याला म्हणावं, दारं आता उघडी असतात."

शनिवार, ७ जून

घरी. साडेदहाला पोचले. चप्पल काढून सरळ बोळात गेले, वाकून, कुणी सांगायच्या आत. आप्पा उंबऱ्याजवळ खुर्चीवर होते. ऊन अजून हातभर लांब होतं.

वही उघडली. उंबऱ्याकडे बोट दाखवलं आणि गप्प बसले. नाव आपण उच्चारायचं नाही.

आप्पांनी वहीला लागलेल्या लाल मातीकडे बघितलं. मग म्हणाले, "माघार." आणि जरा थांबून, "जाऊन आलीस?"

"आले. आत्याने सांगितलंय, दारं उघडी असतात."

त्यांनी मान हलवली. डावा हात पुढे केला, अंगठा वर करून, मी मागायच्या आधीच. मी शाई लावली. धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, त्याला काहीच कळेना. भावजय त्याला म्हणाली, "आता तरी वाकायला शिका."

सोमवार, ९ जून

सकाळी साडेनऊला साहेबांपुढे दहा नावांची वही ठेवली. प्रत्येकाखाली जुनी दोन तोंडं, तिसरं आत्याचं, आणि चौथं आप्पांचं. जोडीला नवी नोंद. आधीच्या नोंदीत मी साखळीवाल्यावर जो आरोप केला तो चुकीचा होता, पत्ता खरा होता, आणि ती चूक माझी आहे.

साहेबांनी दोनदा वाचलं. "मोजणीच्या माणसाचं तोंड धरू नये ना?"

"ते निवृत्त होऊन तीस वर्षं झाली. आता ते फक्त वरच्या वस्तीचे आहेत. आणि नियमात तीन हवीत असं आहे, चौथं नको असं कुठे आहे?"

"समितीला काय सांगू?"

"सांगा, नावं बदलायची तर त्याच जागी जाऊन तीन तोंडं विचारावी लागतात. समितीला पाठवा. रांगतीवर सगळ्यांना चारी पायांवर जावं लागतं, अध्यक्षांनाही."

ते हसले नाहीत, पण चष्माही पुसला नाही. म्हणाले, "आणि मी तुमच्या सहीशिवायच छापली तर?"

"तर जी सही असेल ती तुमची असेल. दोन पाहुणे मागच्या साली दुपारी खिंडीत थांबले. एकच सापडला. पुढच्या वेळी कुणी विचारलं, ह्या जागेला यशखिंड कोण म्हणतं, तर तुमच्या सहीकडे बोट दाखवता येईल."

मग त्यांनी समितीचा कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि शीट माझ्याकडे सरकवली. कड्याची जागा कोरी ठेवून दहा नावांवर मी सही केली. त्यांनी खाली त्यांची केली. पेन माझं वापरलं.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी पिशवी उचलली.

"निघालात? अजून अर्धा दिवस आहे."

"घरी. वडिलांची अंघोळ दुपारच्या आत व्हायला हवी."

"का, दुपारी काय होतं?"

मी शीटवर खिंडीच्या जागी बोट ठेवलं आणि गप्प बसले. साहेबांनी वाकून नाव वाचलं, मोठ्याने.